परबांच्या खानावळी

नाटकाचा दौरा नव्या गावात पोचला की मॅनेजर बुकिंगची चौकशी करायचा, नायिका बाथरूमची, आणि वसंत परब पिण्याच्या पाण्याची. गाडीतून उतरून ते थेट खानावळीत शिरत, तांब्याभर पाणी मागत आणि पाणी देणाऱ्या माणसाकडे टक लावून बघत. मग एक तर आम्हां चौदा जणांना हात करून आत बोलवत, नाहीतर न पिताच बाहेर येत. म्हणत, "ज्यांका पाणी देवक येणा नाय, ते जेवाण काय वाढतले?"

परब मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला. गिरणी सुटली आणि नाटक तेवढं राहिलं. आमच्या नाटकात ते नायिकेचे मामा आणि मी तिसऱ्या अंकातला पोस्टमन. एरवी मी बँकेत कारकून. मुलुंडहून रजा टाकून पाच वाक्यं बोलायला सोलापूरपर्यंत जायचो. तेव्हा दुसऱ्याच्या वेडाला हसायचा मला तसा अधिकार नव्हता, पण हसायचो.

"पोटावांगडा नाटक करूचा नाय," हे परबांचं ब्रीद. नाटक करायचं ते स्टेजवर, पोटाशी नाही. वाटेवरच्या हॉटेलात आम्ही सगळे मिसळीवर तुटून पडलेले असताना परब गाडीतच बसून राहत. त्यांच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची एक छोटी वही असे. खानावळीत जेवून हात धुतले की कोपऱ्यात जाऊन ते तिच्यात दोन ओळी लिहीत. अख्ख्या महाराष्ट्राची चव त्या वहीत आहे, असा कंपनीत बोलबाला होता. मॅनेजरने तर ती छापून काढायचं आमिषही दाखवलं. परब वही दाखवत नसत.

त्यांची आवडनिवड मात्र मला कधी उमजली नाही. साताऱ्याच्या अलीकडे एका गावात एकदा झकास जेवण मिळालं. तव्यावरची भाकरी, भरली वांगी, वर साईचं दही. मी चौथी भाकरी मोडत होतो. वाढप्याने परबांना विचारलं, "भाकरी?" परब म्हणाले, "नको." वाढपी पुढे गेला. परब थोडा वेळ बसले आणि दीड भाकरीवर उठले.

"काय झालं? तिखट होतं?" मी विचारलं.

"जेवाण बरा होता रे केळकरा. पण थंय परत जावचा नाय."

उलट मिरजेच्या एका घरगुती खानावळीत भात गोळा झालेला असायचा आणि आमटीत डाळ शोधावी लागायची. पण प्रयोग सांगलीला असला तरी परब आम्हांला वाकडी वाट करून तिथे नेत. तिथल्या म्हाताऱ्या बाई त्यांच्यावर खेकसत, "नको काय नको? घ्या मुकाट्याने!" आणि परब नको नको म्हणत तो भात चाटूनपुसून खात. या माणसाला चवच कळत नाही, असं माझं ठाम मत झालं.

मध्ये अंधेरीच्या एका स्टुडिओतून त्यांना टीव्ही सिरियलचं बोलावणं आलं. काम मामाचंच, आणि घरच्या घरी. परबांनी नकार दिला.

"वेड लागलंय का तुम्हांला?" मी म्हटलं.

"काम करूक माझी ना नाय. पण मगे रोज घरीच जेवचा लागतला."

हे वाक्य आम्ही पुढच्या दौऱ्यात प्रत्येक गावाला सांगून हसलो.

मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. गाडीची पायरी चढता येईना, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. दौऱ्यावर नवा मामा आला. एका रविवारी प्रयोग नव्हता म्हणून मी घाटकोपरला त्यांच्या खोलीवर गेलो. नव्या मामाच्या गमती सांगून त्यांना हसवायचं मनात होतं.

दुपारचा एक वाजला होता. परब ओट्याशी उभे राहून, पातेल्यातल्या चहात पाव बुडवून खात होते. फळीवर ताट-वाट्या पालथ्या घातलेल्या, त्यांच्यावर धूळ. त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली हे मला ठाऊक होतं. पण त्यानंतर ते घरी कसे जेवत असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आता माका ह्या वहीचा काय काम?" असं म्हणून त्यांनी ती निळी वही माझ्या हातात दिली. मी उघडली.

"मिरज. बाईंनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा न विचारता वाढलं." "चिपळूण. म्हणाल्या, गेल्या खेपेपेक्षा वाळलात." "साताऱ्याच्या अलीकडे. एकदाच विचारलं."

अख्ख्या वहीत एकाही पदार्थाचं नाव नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"शर्ट घाला," मी म्हटलं. "मुलुंडला जेवायला चला."

रिक्षा करून त्यांना घरी आणलं. माझी बायको सुनंदा शाळेत शिक्षिका. 'हवं ते मागून घ्या, पानात टाकू नका' हा तिचा खाक्या, आणि एकदा नको म्हटलं की तिच्या लेखी विषय संपला. तिने पाणी दिलं, परब ते सगळं प्यायले. वालाचं बिरडं आणि भात होता. पहिला भात संपला.

"काका, भात घालू?"

"नको," परब ताटाकडे बघत म्हणाले.

सुनंदाने पातेल्यावर झाकण ठेवलं. परबांचा हात ताटात थांबला. मग तो हळूच पाण्याच्या पेल्याकडे गेला.

"सुनंदा," मी घाईघाईने म्हटलं, "परत विचार."

"अहो, आत्ता नको म्हणाले ना ते!"

"म्हणूनच. परत विचार."

तिने माझ्याकडे बघितलं, मग परबांकडे. झाकण काढलं.

"काका, थोडासा तरी घ्या."

"नको गे वैनी," परब म्हणाले, आणि त्यांनी ताट दोन बोटं पातेल्याकडे सरकवलं.