गाळायचे कोण?

सुयोगला मुलगी झाली, ते दोन हजार तेवीस साल. कांदिवलीच्या घरात बारशाची तयारी सुरू झाली आणि सुयोगचे आजोबा दशरथ, घरातले आबा, हटून बसले. नंदकुमार आल्याशिवाय पणतीच्या कानात नाव सांगायचं नाही. नंदकुमार हा गिरणीतला त्यांचा जोडीदार. पाळी संपली की रात्रशाळेच्या मास्तरांपुढे दोघं एकाच पाटीवर अक्षरं गिरवायचे. गिरणी बंद पडली आणि माणूस हरवला. आडनाव कधी विचारलंच नव्हतं. साऱ्या खात्यात तो देवगडवाला.

सुयोगची बहीण जान्हवी क्लोजर या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. गिरणीकामगारांचं एक छोटं सोशल नेटवर्क होतं. त्याच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामला माहिती देणाऱ्या खिडकीकडे, मागितली की सभासदांची नावं-गावं मिळत. एक फंक्शन आपलं काम करतं आणि पुढच्याच्या हाती देतं, असं तिने समजावलं.

"मग नवीन काय त्यात?" आबा म्हणाले. "कापसाचा पेळू, पेळूचं सूत, सुताचं कापड. ज्याने त्याने आपलंच मशीन बघायचं."

तिने सगळे नंदकुमार मागवले. बरेच निघाले.

"आबा, यातले गाळू कोण?"

"देवगडवाले गाळ."

तिने गाळले, म्हणजे वगळले. आबांच्या डोळ्यांपुढे होती चहाची गाळणी. गाळलेलं तेच कपात. देवगडचे सोडून झाडून साऱ्या नंदकुमारांना आमंत्रण गेलं.

साताऱ्याच्या नंदकुमारांनी गाडी कुठे लावायची ते विचारलं. संगमेश्वरचे आधी चिडले, मग किती जण आणू म्हणाले. बारशाला चपला जिन्यापर्यंत गेल्या, तेव्हा जान्हवीला उलगडा झाला.

"आबा, वाट लागली. तुमचे देवगडवालेच राहिले."

दशरथ पाळण्याची दोरी धरून बसले, नाव सांगू देईनात. बायका खोळंबल्या. इतक्यात दारातल्या नंदकुमारांना कोपराने सारत एक वाळका म्हातारा आत आला.

"मेल्या दशरथा, चेडवाचा नाव काय ठेवलंस?"

दशरथांनी हात धरून त्याला शेजारी बसवलं. जान्हवीने यादीत पाहिलं, त्याचं गाव मुंबईतलंच माहुल लिहिलेलं.

"नातवान भरल्यान," म्हातारा म्हणाला. "तेका गाव म्हणजे माहुल. देवगड कोणी दाखवल्यान?"

बरोबर गाळलं असतं, तर हाच निसटला असता. जान्हवी आत्या होती. तिने वाकून कानात नाव सांगितलं. दोघे म्हातारे एका ताटात जेवले आणि मास्तरांच्या छडीवरून संध्याकाळपर्यंत भांडले.

नंदकुमार पुढच्या वर्षी शिमग्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी वारला.