चाचांचं विलायती थडगं

आमचे शेजारी इब्राहिमचाचा नव्या माणसाला नाव विचारत नसत, थेट थडगं दाखवत. मोबाईलवर! जेद्द्याच्या आमच्या शराफिया मोहल्ल्यात ते थडगं न पाहिलेला न्हावी किंवा चहावाला शोधून सापडायचा नाही.

थडगं विलायतेतलं. लेकीकडे गेले होते, तेव्हा तिथल्या चर्चच्या आवारात दिसलं. कुणा जुन्या सरदाराचं. दगडी नवराबायको शेजारी शेजारी निजलेले आणि वर चार खांबांवर नक्षीदार दगडी छप्पर. लोक लंडन बघून येतात, हे छप्पर बघून आले!

"शेकडो वर्सं झाली, बाय, पन बाईच्या तोंडावर ऊन नाय पडला. ह्याला म्हनतात नवरा!"

"चाचा, ड्यूटीवरून येतेय मी. दोन घास खाऊ द्या की." मी साताऱ्याची, इथे नर्स, भूक लागली की मला कुणाचं कौतुक सुचत नाही.

"खा गो. पन खांब बघ!"

चाचा रत्नागिरीकडचे, एसी दुरुस्त करायचे. जुबेदाचाची गेली ती इथेच, दफनही इथेच. इथल्या कबरींवर नाव नसतं, छप्पर तर सोडाच. मातीचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड. आणि चाचीला तर उन्हाचं भारी वावडं. भाजीला निघाली तरी भिंतीच्या सावलीने चालायची.

कबर ओळखायला चाचांनी खूण काय धरावी? समोरचं पाण्याचं निळं पिंप! अहो, आख्खा एसी खोलून जोडणारा माणूस! कुणीतरी पिंप हलवलं आणि चाची हरवली. तेव्हापासून दर शुक्रवारी जायचे आणि तोंड पाडून परत यायचे.

यंदा चाचांचा कफील, म्हणजे इथला मालक, "खलास" म्हणाला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला, कायमचं घरी जायचं. निघायच्या दिवशी भर दुपारी मी त्यांना गाडीने कब्रस्तानाकडे नेलं. बायकांना आत सोडत नाहीत, म्हणून मी फाटकाशी गाडीतच बसून आत बघत राहिले.

चाचांनी छत्री उघडली. एका कबरीवर धरून उभे राहिले. मग शेजारचीवर. मग तिच्या पुढचीवर. कबरींवर असलं काही इथे चालत नाही, राखणदार ओरडून थकला. माणसाचं डोकं फिरलं म्हणत मी हॉर्न वाजवला. विमान गाठायचं होतं ना!

घामाने निथळत आले.

"सापडली?"

"नाय गो. सगल्यांवर थोडी थोडी धरली. त्यातली एक तिची असंलच ना?"

"असेल, चाचा," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

चाचा गाडीत बसले. दार काही लावेनात.

"पन बाय, उद्या?"