बांधावरचं तण आणि वासुदेव सर

वासुदेव सर मेहकरात रस्ता ओलांडताना माझी बाही धरतात. वय पंचावन्न. समोर म्हैस बसलेली असली तरी धरतात. उभी असली तर दोन्ही हातांनी.

आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी इतिहास. कुत्रं, वीज, अनोळखी नंबरचा फोन, सगळ्याला भितात. चहाचा कप पुढ्यात आला तरी विचारतात, "काही होनार तं नाही ना?" साप असतो म्हणून गवतालाही भितात, आणि आयुष्यभर पाहत आले ते गवतच.

श्रावणात आम्ही माझ्या गाडीवर जानेफळकडे निघालो होतो. सर मागून ओरडले, "थांबा!" मला वाटलं, साप. सर उतरले आणि एका बांधावर चक्क पालथे झाले. जमिनीसरपट पसरलेलं तण, त्याला मोहरीएवढी जांभळी फुलं.

"भाऊ, हे आपल्या जिल्ह्यात कोनी नोंदवलंच नाही," ते कुजबुजले. मोठ्यानं बोललं तर ते उठून जाईल, असं त्यांना वाटत असावं.

पण फळ धरल्याशिवाय ओळख पक्की होत नव्हती. म्हणजे पुन्हा यायचं.

पुन्हा गेलो तेव्हा फोनाफोनावर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. सर बांधावर पालथे, भिंग डोळ्याला. मी मान वर केली तर शेतातून माणसं येत होती. काहींच्या हातात काठ्या. पुढं शेताचा मालक, पाठीवर फवारणीचा पंप.

"कोन बे तुमी? काय करून राह्यले इथं?"

कॉलेजचं नाव सांगायचं होतं, तेच आठवेना. एकानं गाडीची किल्ली काढून घेतली. दुसरा आमचे फोटो काढू लागला. असे फोटो फोनवर फिरले की जमाव काय करतो, ते मी वाचलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "हेच ते." सगळे एक पाऊल जवळ आले.

सर उठले. लटलट कापत होते, चष्मा एकाच कानावर. हात जोडून म्हणाले, "मारू नका!"

"अजून हात तरी लावला का तुमाले?" मालक म्हणाला.

"मले नाही हो, याले! बांधावर तननाशक मारू नका. फळ धरेपर्यंत."

मालकानं खाली पाहिलं. मग सरांकडे. मग पुन्हा खाली.

"या गवतासाठी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि काठ्या खाली आल्या. मालकाचं नाव रफिकभाई. त्यांनीच किल्ली परत मिळवून दिली, पाणी पाजलं. "सर, तुमच्या गवताले हात नाही लावत. पन पुढच्या टायमाले आवाज देऊन येत जा. लोकायचं डोकं फिरून राह्यलं आजकाल."



फळ आलं. पुण्याच्या तज्ज्ञांनी ओळख पक्की केली. जिल्ह्यातली पहिलीच नोंद. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. वहिनी गेल्यापासून ते एकटेच राहतात.

"कोणाकोणाला सांगितलं?" मी विचारलं.

"कोनाले सांगू?" पेढा हातातच होता. "ही असती तं बोलली असती, एवढ्याशा गवतासाठी मार खाल्ला असता म्हनून. तेवढं बोलायले तरी घरात मानूस पाह्यजे."

मग मीच आवाज चढवला, "अहो, एवढ्याशा गवतासाठी मार खाल्ला असता!"

सर दचकले. थोडा वेळ दाराकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, अजून एकडाव म्हना."