भिवाजीरावांचा चार तासांचा बॅकअप

कासार आंबोलीत कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, असं भिवाजीरावांचं ठाम मत होतं. मत त्यांचं एकट्याचंच होतं, पण होतं ठाम! ते घरच्या घरी वधू-वर सूचक केंद्र चालवायचे. तालुक्यातल्या त्र्याऐंशी मुलामुलींचे बायोडाटे त्यांच्या कॉम्प्युटरात सुखाने नांदत होते. रविवारी पौडला मेळावा. त्याआधी नवी सिस्टीम टाकायची आणि लोकांवर छाप पाडायची, असा बेत!

बुधवारी सकाळीच त्यांनी सूसला राहणाऱ्या भाच्याला, सौरभला, फोन लावला. सौरभ आयटीत.

“मामा, आधी बॅकअप घेतलाय ना?”

“घेतलाय म्हंजे! गेल्याच आठवड्यात घेतला. चांगला चार तासांचा!”

चार तास लागले, म्हणजे मामांनी शेवटच्या फोटोपर्यंत सगळं उतरवून घेतलेलं दिसतंय, असं सौरभला वाटलं. त्याला अगदी भरून आलं.

“मग बिनधास्त करा. जुनं ठेवायचं का विचारेल, सगळं पुसून टाका!”

भिवाजीरावांनी पुसलं. तासाभरात नवी सिस्टीम झळकली. पडद्यावर निळं आभाळ, हिरवा डोंगर आणि बाकी काही म्हणजे काही नाही!

“सौरभ, पोरंपोरी कुटं गेली रं?”

“आता बॅकअप जोडा. कुठे ठेवलाय?”

“जिन्याखाली.”

“जिन्याखाली? हार्ड डिस्क?”

“हार्ड तर लई हाय! दोघांनी उचलून आणली. महिन्यातनं एकदा पाणी बघावं लागतंय.”

“पाणी?” सौरभ किंचाळला. “मामा, तुम्ही इन्व्हर्टरबद्दल बोलताय?”

“मग! दुकानदार म्हनला, चार तास बॅकअप देतो!”

“अहो, तो लाइटचा बॅकअप! बायोडाटे गेले सगळे!” भिवाजीरावांना मेळावा आठवला. रविवारी त्र्याऐंशी घरं पौडला जमणार आणि त्यांना दाखवायला निळं आभाळ! ते मटकन खाली बसले.

साळूबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“उठा, लिवा. मी सांगते.”

“तुला समदे पाठ हायेत?”

“लोकं येत्यात तवा तुमी चष्मा हुडकत बसता. च्या देत समदं मीच ऐकती न्हवं? लिवा. मुठ्याचा दयानंद, उंची पाच फूट सहा.”

“आठ व्हती की!”

“बूट घालून.”

“बरं. निर्व्यसनी...”

“दिवसा.”

“अगं!”

“सूसची सृष्टी. सैपाकाची आवड.”

“हे झ्याक!”

“खायची. फुडं लिवा.”

तीन दिवस हे असंच चाललं. फोन नंबर साळूबाईंच्या मोबाइलात होतेच. शनिवारी दुपारी त्र्याऐंशीवा बायोडाटा संपायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली! जिन्याखाली टक्‌ असा आवाज झाला आणि कॉम्प्युटर आपला चालूच राहिला. भिवाजीरावांची छाती लगेच फुगली.

“बगितलंस? ह्याला म्हनत्यात बॅकअप!”

“तुमचा चार तासांचा. माझा चाळीस वरसांचा हाय!”

भिवाजीरावांना हसू आवरेना. इतकं हलकं त्यांना बुधवारपासून वाटलं नव्हतं. “मग माझा बायोडाटाबी ध्यानात असंल?”

“हाय की! तुमच्या आत्यानं सांगितलं व्हतं, ‘मुलगा लई हुशार हाय.’” साळूबाईंनी सूप उचललं. “तवाच बूट काढून बगायला पायजे व्हतं!”

भिवाजीरावांनी सेव्हचं बटण दाबलं. दोनदा.