कालिंदीबाईंची हाक

आमच्या गावात साठी उलटलेल्या प्रत्येक माणसाला आपलं नाव निमोरी भाषेत करून घ्यावं लागतं, आणि ते झालं की आठ दिवसांच्या आत डोंगरापलीकडून त्या नावाने एक हाक येते. निमोरी ही मुळात नसलेली भाषा. नगरपालिकेतल्या आमच्याच खात्याने ती चौतीस वर्षांपूर्वी बसून तयार केली. मग पलीकडच्यांना ती कशी येते, हा प्रश्न मला नोकरीच्या नवव्या वर्षी पडला. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "रांग बघा केवढी झालीय."

हाक एकदाच येते. माणसाने फक्त ओ द्यायची. ओ दिलेली माणसं पुढे निवांत होतात, दुपारी डाराडूर झोपतात. ज्यांची ओ द्यायची राहते ती दर थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहतात, कुणी बोलावलं का म्हणून. आमच्या आळीतले दत्तोपंत खरे अकरा वर्षं दारात येतायत. त्यांचं नाव रेशनकार्डावरून केलं होतं, आणि घरीदारी सगळे त्यांना बंडू म्हणत.

तेव्हापासून खात्याने धडा घेतला. आता आम्ही कोशात अर्थ बघत नाही. माणसाला जी हाक मारली जाते तिचं भाषांतर करतो. नियम असा की हाक मारणारं निदान एक माणूस हयात हवं, आणि त्याने खिडकीपासून तीस पावलांवरून, अर्जदार पाठमोरा असताना, ती मारून दाखवायची.

मंगळवारी रिसबूड पतिपत्नी आली. वामनराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, हातात छत्री. बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"कालिंदी करून द्या," त्या म्हणाल्या.

"कागदोपत्री वैजयंती आहे."

"ते ह्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं. शेहेचाळीस वर्षं झाली. अजून कुणी वैजयंतीबाई म्हटलं की मी मागे वळून बघते, कुणाला बोलावतायत म्हणून."

"कालिंदी कोण म्हणतं?"

"आई म्हणायची. मग दादा. दादा गेला त्याला सहा वर्षं झाली."

मी नियम सांगितला. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे मी पण दत्तोपंतांसारखी दारात," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते हो त्याची." मला फार वाईट वाटलं. मी अर्ज परत करायला उचलला आणि तसाच हातात धरून बसलो.

"मी मारली तर चालेल?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्ही एरवी काय म्हणता?"

"अगं म्हणतो."

"नावाने कधीच नाही?"

"आमच्याकडे तशी पद्धत नव्हती," ते म्हणाले. "वैजयंती नाव ठेवलं, पण तेही कधी घेतलं नाही."

मी नियमपुस्तिका काढली. हाक किती वर्षं चालू असावी याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. मी म्हटलं, चालेल.

वामनरावांनी तीस पावलं मोजली. जन्मभर तेच केलेलं, त्यामुळे एक इंच इकडेतिकडे नाही. ते फाटकापाशी उभे राहिले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या. मग "अगं" असं ऐकू आलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी घसा खाकरला, छत्री या हातातून त्या हातात घेतली. रांगेतल्या लोकांनी सौजन्याने दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

"कालिंदी!"

"ओ, आले," बाई म्हणाल्या, आणि चपला तिथेच टाकून दोन पावलं गेल्यासुद्धा. मग थांबल्या आणि परत आल्या. मी निमोरीत नाव लिहिलं, शिक्का मारला. त्या भाषेत ते सव्वा ओळ होतं.

शुक्रवारी दोघं पोच द्यायला आली. हाक गुरुवारी दुपारी चारला आली होती. मी रकाने भरू लागलो. दिशा, डोंगराची. ओ दिली का, दिली. आवाज कुणाचा, या रकान्यात आम्ही नेहमी अनोळखी असं लिहितो. मी लिहायला घेतलं.

"अनोळखी नव्हता," बाई म्हणाल्या. "ह्यांचा होता. लग्नाच्या वेळी होता ना, तसा."

"वामनराव तेव्हा कुठे होते?"

"माझ्या शेजारी. शेंगा सोलत होते."

मी वामनरावांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. "मलाही ऐकू आलं," ते म्हणाले. "आवाज माझाच. पण निमोरी मला कुठे येते? नाव घेऊन झाल्यावर पुढेही बरंच काही बोललो मी." ते बायकोकडे वळले. "तुला कळलं ना सगळं? काय म्हणालो गं मी, कालिंदी?"

बाईंनी माझ्या हातून पोचपावती घेतली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

"घरी चला," त्या म्हणाल्या. "सांगते."