खारीच्या पेटीसकट

सायकल वॉचमनला देऊन टाकायची, असा निकाल अनुजने पुण्याहून फोनवर दिला, तेव्हा वसुंधराबाई चिटणीस बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. फोन स्पीकरवर होता आणि दत्तात्रेयराव तो दोन्ही हातांनी धरून आरतीच्या तबकासारखा बायकोपुढे घेऊन उभे होते.

"आई, बासष्ट वर्षांची आहेस तू. जानेवारीत मनगट मोडून घेतलंस ते विसरलीस?"

"ते बाथरूममध्ये पडून मोडलं. मग बाथरूम दे की वॉचमनला!"

"आई, प्लीज. रस्त्यात पडलीस तर बाबांना झेपणार आहे का? बाबा, तुम्ही सांगा ना तिला."

दत्तात्रेयराव फोनकडे बघून म्हणाले, "सांगतो," आणि बायकोकडे बघून गप्प राहिले. रेल्वेतली छत्तीस वर्षांची नोकरी त्यांनी याच पद्धतीने निर्विघ्न पार पाडली होती.

वसुंधराबाईंनी हातातली जुडी ओट्यावर आपटली. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि ती सगळी वर्षं सायकलवरून शाळा गाठली होती. स्कूटी आली नि गेली, सायकल राहिली. "ऐक," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीच्या रविवारी अकोट्याला रेस आहे. तीन किलोमीटर पळायचं, दहा किलोमीटर सायकल, परत दोन किलोमीटर पळायचं. दीड तासात. मी नाव दिलंय. वेळेत पुरी केली तर यापुढे सायकलचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही झाली तर?"

"तर मी स्वतः नेऊन देते वॉचमनला. वर पेढेही देते."

नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळलेले पाय अजून गरम होते, ही गोष्ट त्यांनी अनुजला सांगितली नाही. रोज पहाटे वासणा रोडपर्यंत सराव चाललाय, हेही नाही.

रविवारी सकाळी सहाला अकोट्याच्या मैदानावर हवेत नुकताच गारवा आला होता आणि लाउडस्पीकरवर ढोल वाजत होता. नंबर वाटणाऱ्या टेबलावर उत्कर्ष नावाचा तरुण बसला होता. सगळी शर्यत त्यानेच भरवली होती. त्याने वसुंधराबाईंकडे आणि मग यादीकडे पाहिलं.

"काकी, तमारा माटे वॉक छे ने, आठ वागे. झुंबा पण छे."

"माझं नाव रेसमध्ये आहे. साठ वर्षांच्या वर, महिला."

"हा, ए तो एकच एंट्री छे. तमेज छो," उत्कर्ष प्रेमाने म्हणाला. "तो टेन्शन शेनुं? थोडं पळा, थकलात तर बसून जा. मेडल तो बधाने मळशे."

"सगळ्यांना मिळतं त्याला प्रसाद म्हणतात," वसुंधराबाई म्हणाल्या आणि छातीवर एकशे चौदा नंबर लावून चालू लागल्या. दत्तात्रेयराव मागून सायकल हाताने ढकलत आले. धावून परत आलं की सायकल घ्यायची, ती जागा मैदानाच्या कडेला लोखंडी कठड्यापाशी होती.

"तू निर्धास्त पळ," ते म्हणाले. "मी आहे इथे सायकलपाशी."

पहिले तीन किलोमीटर झकास गेले. कॉलेजातली पोरं सुरुवातीलाच वाऱ्यासारखी सुटली, पण दुसऱ्या किलोमीटरला त्यांतली दोन कंबर धरून उभी असलेली वसुंधराबाईंना दिसली. "श्वास नाकाने घ्या," असं त्यांना शिकवून त्या पुढे गेल्या. सव्वीस मिनिटांत त्या मैदानावर परतल्या. सायकल जागेवर होती. दत्तात्रेयराव नव्हते. आणि सायकलच्या चाकातून कठड्यात साखळी गुंफून त्यांनी तिला भलंमोठं कुलूप घातलं होतं.

दत्तात्रेयराव हे कुलूप लावणारे गृहस्थ होते. घरात पितळी डब्यांच्या कपाटाला कुलूप असे, गच्चीच्या दाराला दोन असत आणि प्रवासात पाण्याची बाटली ठेवलेल्या पिशवीलाही एक छोटं असे. तेव्हा इतक्या अनोळखी माणसांत सायकल सोडून जाताना त्यांनी तिला कुलूप लावलं, यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की शर्यत ही त्या सायकलवर बसून करायची असते, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"अहो!" वसुंधराबाईंनी हाक मारली. दहा-बारा नवऱ्यांनी वळून पाहिलं, पण त्यांत त्यांचा नव्हता. फोन लावला तर तो सायकलच्याच बास्केटमध्ये, रुमालाखाली वाजला.

"काका पेला फाफडानी लाइनमां हता," शेजारचा एक जण म्हणाला.

वसुंधराबाई टेबलाकडे धावल्या. उत्कर्षने माइक उचलला आणि सगळ्या मैदानाला ऐकू गेलं : "दत्तात्रेय चिटणीस! दत्तात्रेय चिटणीस ज्यां होय त्यांथी स्टेज पासे आवे!" एकदा, दोनदा, पाच वेळा. फाफड्याच्या रांगेतून कुणीही बाहेर आलं नाही. घड्याळात तेहतीस मिनिटं झाली. तीन तरुण मुली सायकली घेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या.

"काकी, रेवा दो ने," उत्कर्ष म्हणाला. "पळालात ते बहुत थयुं. आता छाये में बेसो."

वसुंधराबाईंनी त्याच्या चेहऱ्यावरची ती कळकळ पाहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. अपमान परवडतो, कळकळ सहन होत नाही. त्यांनी चहूकडे नजर फिरवली. फाटकापाशी कनुभाई खारीवाले उभे होते. काळी, दणकट सायकल, मागे कॅरिअरवर खारी-टोस्टची पत्र्याची पेटी, ती रबरी ट्यूबने सात फेरे मारून बांधलेली. रोज सकाळी सुभानपुऱ्यात हीच पेटी त्यांच्या दारात येई. कनुभाईंची मुलगी दहावीला भूगोलात पास झाली होती ती वसुंधराबाईंच्या पुण्याईने, असं कनुभाई स्वतःच गल्लीभर सांगत.

"कनुभाई, सायकल द्या."

"हें? टीचर, पण पेटी..."

"पेटी सोडायला वेळ नाही. ब्रेक लागतो ना?"

"पाछळनो लागे छे..."

"मागचा एक पुरे. जरा आडवी करा, मधली दांडी उंच आहे."

वर्गात उभं राहायला सांगावं तसा तो आवाज होता. कनुभाईंनी मुकाट्याने सायकल तिरकी केली. वसुंधराबाईंनी दांडीवरून पाय टाकला आणि पेटीसकट फाटकाबाहेर पडल्या. त्या कोपऱ्यावर वळल्या तेव्हा कुठे कनुभाईंना कंठ फुटला. "अरे, मारी पेटी! आखा दिवसनो माल छे!"

पेटी जड होती. चढावर सायकल मागे ओढली जाई आणि उतारावर पेटी मालकिणीसारखी पुढे ढकले. तरीही वसुंधराबाईंची लय जमली असती, पण रविवारची सकाळ होती, आणि अकोट्याच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी पत्र्याची पेटी लावलेली सायकल दिसली की तिचा एकच अर्थ होतो.

"ओ बेन! खारी आपो ने!" पहिल्या वळणावर गाऊन घातलेली एक बाई ताट घेऊन आडवी आली.

"रेस चालू आहे!"

"तो शुं थयुं? चा ठंडी थाय छे!"

वसुंधराबाईंनी तिला वळसा घातला. पुढच्या फाटकात एक आजोबा दुधाची पिशवी हलवत ओरडले, "जिरा टोस्ट छे?" "नाही!" "तो शुं छे?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण दम नव्हता.

मग स्पीडब्रेकर आला. बडोद्यात प्रत्येक सोसायटीला आपापला स्पीडब्रेकर असतो आणि तो बांधताना कुणी कुणाला विचारत नाही. पहिल्यावर पेटीची कडी निघाली. दुसऱ्यावर झाकण उघडून मिटलं आणि खारीचं एक पाकीट उडून रस्त्यावर फुटलं. तिसऱ्यावर दोन. चौथ्या स्पीडब्रेकरला वसुंधराबाईंना मागून काहीतरी ऐकू आलं. वळून पाहिलं तर तीन कुत्री. पाचव्याला सात.

पहिल्यांदा त्या घाबरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की कुत्र्यांना त्यांच्या पोटऱ्यांत रस नाही, पेटीत आहे. पण कुत्र्यांचा भरवसा काय द्यायचा? खारी संपल्यावर विचार बदलला तर? त्यांनी पायडल असं मारायला सुरुवात केली, की सराव करतानाही कधी मारलं नव्हतं. मघाच्या तीन तरुण मुली पुढे गप्पा मारत चालल्या होत्या. "बाजूला व्हा गं!" वसुंधराबाई ओरडल्या. मुलींनी वळून पाहिलं. डोळे विस्फारलेली बाई, आपटणारी पत्र्याची पेटी आणि मागे भुंकणारी वरात. तिघी सरळ फुटपाथवर चढल्या. त्याही मागून उत्कर्षची स्कूटर येत होती आणि तिच्यावर मागे बसलेले कनुभाई हात जोडून ओरडत होते, "टीचर, ढांकणं! ढांकणं दबावो!"

मैदानात शिरताना घड्याळात एक तास नऊ मिनिटं झाली होती. वसुंधराबाईंनी सायकल कठड्याला टेकवली आणि कुत्री पेटीपाशी गोळा होत असतानाच त्या शेवटच्या दोन किलोमीटरला निघाल्या. आता मात्र पाय बोलायला लागले. गुडघा म्हणे बस, घोटा म्हणे बस. मैदानाभोवतीच्या रस्त्याला दोन फेऱ्या होत्या. पहिली फेरी त्यांनी चालत-पळत काढली. बाकावर बसावं असा विचारसुद्धा एकदा मनात येऊन गेला.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर एक आवाज उमटला.

"...नियमित व्यायामाचं महत्त्व... अं... मी काय सांगावं..."

वसुंधराबाई थबकल्या. आवाज दत्तात्रेयरावांचा होता.

त्याचं असं झालं होतं : प्रमुख पाहुणे जयवंतराव यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून बक्षिसं लवकर उरकायची ठरली. साठीच्या वरच्या गटात एकच नाव असल्यामुळे निकाल लागलेलाच होता. उत्कर्ष कनुभाईंबरोबर कठड्यापाशी पेटीभोवतीची कुत्री हाकलण्यात गुंतलेला. टेबलावरच्या मुलांजवळ फक्त यादी, आणि यादीत 'चिटणीस, ६०+'. नेमके त्याच वेळी दत्तात्रेयराव फाफड्याचा पुडा घेऊन स्टेजपाशी पोचले आणि म्हणाले, "मला बोलावलं होतं. मी चिटणीस." पुढच्या क्षणी त्यांच्या गळ्यात मेडल पडलं, हातात माइक आला आणि समोर दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. छत्तीस वर्षांत त्यांच्या हाती कुणी माइक दिला नव्हता.

"...सायकल," दत्तात्रेयरावांचा आवाज आता चढला होता, "सायकल हा सर्वांगसुंदर व्यायाम आहे! मी तर म्हणेन, माणसानं वय विसरून सायकलवर बसावं!"

टाळ्या पडल्या. ज्या माणसाला जन्मात सायकल चालवता आली नाही, त्याचं हे भाषण ऐकून वसुंधराबाईंच्या गुडघ्यांनी तक्रार मागे घेतली. दुसरी फेरी त्यांनी पळत काढली. थेट, न थांबता, मुठी वळून. रेषा ओलांडून त्या थांबल्या नाहीतच, तशाच स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या घड्याळात एक तास अठ्ठावीस मिनिटं दिसत होती.

"काढा," त्या म्हणाल्या.

दत्तात्रेयरावांनी मेडल काढलं. माइक चालूच होता, त्यामुळे ते 'काढा' सगळ्या अकोट्याने ऐकलं.

उत्कर्ष धापा टाकत आला. "काकी, पण सायकल तो बीजी हती. रजिस्ट्रेशनमां..."

"तुमचा नियम नंबर सात वाचा. कोणतीही सायकल चालेल, ब्रेक हवा. ब्रेक आहे, विचारा कनुभाईंना."

"पाछळनो छे," कनुभाई रडवेल्या आवाजात म्हणाले. पण तोवर जयवंतरावांनी पेटीत उरलेली खारी स्वतः मागवली होती आणि चहाबरोबर ती खाण्यासाठी रांग लागली होती. कनुभाईंचा आवाज हळूहळू पूर्ववत झाला. जयवंतरावांनी मेडल पुन्हा दिलं, या वेळी योग्य गळ्यात. उत्कर्ष मान खाली घालून म्हणाला, "काकी, पुढच्या वर्षी तमारा माटे वॉकनुं नहीं कहुं." वसुंधराबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरातच बसली.

फोन वाजला. अनुज होता, तो पुण्यात बसून सगळा कार्यक्रम लाइव्ह बघत होता.

"आई! एक अठ्ठावीस! मानलं तुला. सायकलचं नाव काढणार नाही, शब्द आहे." मग त्याचा आवाज गंभीर झाला. "पण बाबा, तुम्ही तिथे कसलं भाषण करत होतात? उगीच डोक्यात काही घेऊ नका हं. आईचं वेगळं आहे. तुम्ही सदुसष्टचे, तुम्हाला नाही जमणार ते."

दत्तात्रेयराव नेहमीप्रमाणे गप्प बसतील, म्हणून वसुंधराबाई फोन बंद करायला गेल्या. तर दत्तात्रेयरावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"का नाही जमणार?" ते म्हणाले. कपाळावरची शीर उडत होती. "मला काय धाड भरली आहे? दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या मला! पुढच्या वर्षी पुरुष, साठीच्या वर, पहिलं नाव माझं. लिहून घे!" आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच कुणाचा तरी फोन मध्येच बंद केला.

वसुंधराबाईंनी पुड्यातून फाफड्याचा एक तुकडा उचलला. 'अहो, या वयात...' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते त्या तुकड्याबरोबर गिळून टाकले.

"उद्या सकाळी साडेपाचला उठायचं," त्या म्हणाल्या. "मागून कॅरिअर मी धरीन."