तीस जुगारी पाहिजेत

परिपत्रक दोन पानी होतं आणि त्याचा मथितार्थ एवढाच होता, की मोबाइलवरच्या जुगाराने कर्मचारीवर्ग पोखरत चालला आहे, सबब प्रत्येक कार्यालयाने एक जुगारमुक्ती समन्वयक नेमावा आणि पीडितांची यादी पंधरा दिवसांत सादर करावी. पाणीपुरवठा कार्यालयाच्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि रेकॉर्ड रूममधून नानांना बोलावून घेतलं.

"नाना, तुम्ही कधी पत्तेबित्ते खेळलात?"

"नाही साहेब. एकदा नातवाबरोबर सापशिडी खेळलो. मी जिंकल्यावर त्यानं असं भोकाड पसरलं, की पुन्हा हात लावला नाही."

"मग तुम्हीच. तुमच्यावर कोणाला संशय यायचा नाही."

नाना एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होते. सांगितलेलं काम विहित मुदतीत आणि विहित नमुन्यात करायचं, एवढीच त्यांना खोड होती. त्यांनी एक कोरी वही घेतली, समास आखला आणि टेबलाटेबलाला जाऊन विचारायला सुरुवात केली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आवक-जावक सांभाळणारा कारकून तर उखडलाच. तो खुर्चीत क्वचितच सापडायचा, म्हणून त्याला सगळे नुसतं 'जावक' म्हणत.

"जुगाराला पैसे लागतात, नाना! आमचा पगार बघता ना तुम्ही?"

नानांनी इमानदारीत 'निरंक' असा अहवाल पाठवला. चौथ्या दिवशी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. तीस पुस्तिका, तीस पेनं आणि एक समुपदेशक रवाना झाले आहेत. तीसपेक्षा कमी पीडित आढळल्यास समन्वयकाने व्यक्तिशः खुलासा करावा.

आजवर त्यांनी हजारो लोकांचे खुलासे फायलीला लावले होते, पण स्वतःचा एकही नव्हता.

"साहेब, अडतीस माणसांच्या ऑफिसात तीस जुगारी आणू कुठून?"

"हरवलेल्या फायली शोधता ना? मग माणसंही शोधा की!"

पण शोधायची वेळच आली नाही. जावकने परिपत्रकाचं दुसरं पान वाचलं. तिथे तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की शिबिर दर शुक्रवारी दुपारी दोनपासून, ती वेळ कामाचीच धरून, चहा-नाश्त्यासह. तो धापा टाकत रेकॉर्ड रूममध्ये आला.

"नाना, लिहा. मी पीडित आहे."

"अरे, परवा तर नाही म्हणालास!"

"परवा लाज वाटत होती."

त्यानंतर दाराशी रांग लागली. बिल विभागातल्या बाईंनी विचारलं, "मी लेकीच्या सासूवर पैज लावते. ती माझ्या स्वयंपाकाला कधी बरं म्हणेल, यावर. चालेल?"

"जिंकलात कधी?"

"अजून तरी नाही."

"मग चालेल. करा सही."

तिसाव्या जागेसाठी दोन वरिष्ठ लिपिकांची हमरीतुमरी झाली. "सेवाज्येष्ठता बघा, नाना! तो कालचा पोर, तो माझ्याआधी जुगारी कसा?" शेवटी नियमाप्रमाणे ज्येष्ठाला जागा मिळाली आणि कनिष्ठ तणतणत गेला.

पावणेपाचला नाना यादीवर शिक्का मारत होते, तेव्हा स्टोअरकीपर दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मीटर, नळ, वॉशर यांच्या गोदामात दिवसभर एकटाच बसायचा.

"नाना, माझं नाव घालता का?"

"उशीर केलास रे. तीस झाले."

"मला खरंच आहे, नाना."

नानांचा शिक्का हवेतच राहिला. स्टोअरकीपर खाली बघत बोलत होता. "दिवसभर तेच. मीटर मोजायला घेतले तरी मध्येच फोन काढतो. स्कूटर विकली. घरी सांगितलंय, गॅरेजमध्ये आहे. आठ महिने झाले. बायको म्हणते, अहो, तो मेकॅनिक तरी बदला."

हसावं की काय करावं, नानांना कळेना. आणि अशा वेळी एकतीस वर्षांची सवय माणसाच्या तोंडून जे वदवते, तेच ते बोलले. "पुढच्या तिमाहीत अर्ज कर. विहित नमुन्यात."

स्टोअरकीपरने मान डोलावली आणि तो पायी घरी गेला.

संध्याकाळी नानांनी ताटातला घास दोनदा उचलून खाली ठेवला. बायको म्हणाली, "आता काय झालं? मिळाले ना तीस जुगारी?"

"बत्तीस मिळाले. त्यातला एक खरा निघाला."

"मग त्यालाच घ्या की आधी!"

"यादीवर शिक्का झाला गं."

"शिक्का काय, तुमच्या हातातलाच ना?" असं म्हणून ती आमटी वाढायला वळली. नानांना पुढे जेवण गेलं नाही.

शुक्रवारी समुपदेशक ताई आल्या. वयाने लहान, तळमळ मोठी. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, "मोकळेपणाने बोला. इथे कोणी कोणाला हसणार नाही." बराच वेळ फक्त नाश्त्याच्या बशा वाजल्या. मग जावकने पुढाकार घेऊन आपलं घर जुगारात गेल्याचं सांगितलं. ते ऐकून दुसऱ्याला धीर आला, त्याचंही घर गेलं. सातव्या माणसापर्यंत सगळ्यांची घरं गेली होती, आठव्याने वेगळेपणा म्हणून सासऱ्याचं घालवलं. सगळे रस्त्यावर आलेत, मग यांच्या शर्टांना इस्त्री कोण करतं, असा प्रश्न ताईंना पडला असावा. ही मंडळी खरं लपवताहेत, हे ओळखून त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि तो खेळ कसा जाळ्यात ओढतो, ते प्रत्यक्ष दाखवलं. फोनवर कसा घ्यायचा, पहिला डाव कसा फुकट मिळतो, सुरुवातीला कसं मुद्दाम जिंकू देतात, सगळं सविस्तर. कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच तीस माणसं एकाच वेळी टिपणं काढत होती.

"ताई, नाव पुन्हा सांगा ना," जावकने पेन सरसावलं. "म्हणजे चुकूनही त्या वाटेला जायला नको."

पुढच्या शुक्रवारी कोणाला काही रचून सांगावं लागलं नाही. बिल विभागातल्या बाई तर रडल्याच. ताईंनी अहवालात लिहिलं, 'सहभागींचा मोकळेपणा लक्षणीयरीत्या वाढला आहे.'

इकडे नानांना चैन नव्हतं. त्यांनी जावकला बाजूला घेऊन विनवलं, "तुझी जागा स्टोअरकीपरला दे रे."

"असं कसं? माझी सुधारणा अर्ध्यावर आलीय!"

त्याला लाज वाटावी म्हणून नानांनी गॅरेजमधल्या स्कूटरची सगळी हकीगत सांगितली. जावकचे डोळे भरून आले. त्याने ती दोनदा ऐकली, मेकॅनिकचं वाक्य पुन्हा विचारून घेतलं, आणि जागा काही सोडली नाही.

तेव्हा नानांनी आयुष्यात पहिल्यांदा नमुन्याबाहेरचं काम केलं. ते गोदामात गेले आणि म्हणाले, "दुपारनंतर रोज माझ्याकडे येऊन बस. फोन इकडे आण." फोन त्यांनी टेबलाच्या खणात टाकला, किल्ली खिशात घातली आणि वाळवी लागलेल्या फायलींचा ढीग पुढे केला. स्टोअरकीपर पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी खणाकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नाना, पुढच्या फायलीत वाळवी असेल. लावता पैज?"

"नाही."

"नुसतं तोंडी हो."

"तोंडीसुद्धा नाही. झटक ती."

तो भांडला, एकदा किल्ली हिसकायलाही धावला, दोन दिवस फिरकला नाही. मग परत आला. सहा आठवड्यांत वर्षानुवर्षांच्या नळजोडणीच्या फायली क्रमवार लागल्या, आणि एका दुपारी त्याने सांगितलं, "नाना, घरी खरं सांगितलं. बायको तासभर बोलली नाही. मग म्हणाली, मेकॅनिकला मी उगाच शिव्या दिल्या."

तीन महिन्यांनी मुख्य कार्यालयाने या कार्यालयाला आदर्श ठरवलं. सभागृहात समारंभ ठेवला. गोदामातल्या खुर्च्या वाहायला अर्थात स्टोअरकीपर. व्यासपीठामागे भलामोठा फलक होता. प्रायोजक म्हणून त्यावर त्याच खेळाच्या कंपनीचं नाव आणि खाली 'जबाबदारीने खेळा.' तीस जण पहिल्या तीन रांगांत बसले होते, त्यांतल्या निम्म्यांच्या मांडीवर फोन चालू होते. सुधारलेल्यांचा प्रतिनिधी म्हणून जावक उठला.

"मी स्कूटर विकली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घरी सांगितलं, गॅरेजमध्ये आहे. माझी भोळी बायको म्हणायची, अहो, तो मेकॅनिक तरी बदला…"

सभागृह हेलावलं. प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढला. साहेबांनी शाबासकीच्या नजरेने नानांकडे बघितलं. शेवटच्या रांगेत, स्टोअरकीपरच्या शेजारी, नाना लाजेने अर्धे झाले होते.

"मीच सांगितलं रे त्याला," ते पुटपुटले.

"छान सांगतो पण," स्टोअरकीपर म्हणाला. "माझ्यापेक्षा छान. मी सांगितलं तेव्हा तुम्ही अर्ज करायला सांगितलात."

तेवढ्यात निवेदकाने जाहीर केलं, की कोणीही उठू नये, आता प्रायोजकांतर्फे लकी ड्रॉ आहे, पहिलं बक्षीस स्कूटर! प्रवेशाच्या वेळी वाटलेली कुपनं भराभर खिशांतून बाहेर आली. स्टोअरकीपरने आपलं कुपन पाहिलं. त्याने ते नानांच्या हातात कोंबलं.

"हे तुम्ही धरा. मी बाहेर जातो."

"थांब, मीही येतो."

दोघं दाराशी पोचले, तोच मागून ध्वनिक्षेपकावर आकडे सुरू झाले. "सात… दोन…" नानांचा पाय उंबऱ्यावर अडला. त्यांनी सहज मूठ उघडली. "नऊ…" त्यांनी चष्मा लावला. "चार…" त्यांनी कुपन डोळ्यांजवळ नेलं. "आणि शेवटचा आकडा… सहा!"

"अरेरे!" नाना केवढ्यांदा तरी ओरडले. "एकाच आकड्याने गेला रे! सात, दोन, नऊ, चार, पाच! एकाच आकड्याने! थांब, दुसरं बक्षीस व्हायचंय अजून."

स्टोअरकीपरने त्यांचा दंड घट्ट धरला.

"तो एकाच आकड्याने जातो, नाना," तो म्हणाला. "रोज जातो. चला, चहा घेऊ."